समोरच्याला ऐकू येतं!



आपल्या घरांत सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात. शेजारी कुकरची पहिली शिट्टी होते तेव्हा आपला ओटा पुसून कोरडा झालेला असतो. म्हणजे संध्याकाळ जेवढी लांब आपल्याला मिळते, तेवढी गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्याच बाईला मिळत नाही. प्रतिक्रमण, माळ सगळं धरूनही झोपेपर्यंत दोन-अडीच तास हातात उरतात. महिन्याचे पंचाहत्तर तास झाले. मी बी.कॉम. आहे, बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. आणि हे पंचाहत्तर तास जातात कुठे, ते सांगायला बी.कॉम. व्हावं लागत नाही.

तर आज टीव्हीवर थोडं कुरकुरणार आहे आणि नाटकाचं भरपूर कौतुक करणार आहे. ज्यांची मालिका आत्ता सुरू होणार असेल त्यांनी नंतर वाचा, राग नाही.

टीव्ही मुळातच वाईट, असं मी कधी म्हणणार नाही. माझ्या सासूबाई शेवटची तीन वर्षं पलंगावर होत्या. दुपारी घर सामसूम झालं की त्यांच्याशी बोलणारा तो एकटाच. मालिकांतल्या सुनांची नावं त्यांना नातसुनांच्या आधी आठवायची. त्या तीन वर्षांसाठी मी त्या पेटीची ऋणी आहे. आणि १९८७ सालचं रामायण तर तुम्हाला सगळ्यांनाच आठवत असेल. रविवारी सकाळी आमच्या गल्लीतला एकुलता एक रंगीत टीव्ही, बाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली पन्नास माणसं. कुणी खोकलं तरी सगळे वळून बघायचे. लहान मूल रडलं की आई त्याला घेऊन मुकाट्याने ओट्यावर जायची. मला आता कळतं, की तेव्हा आपण टीव्हीसमोर नाटकासारखे, प्रवचनासारखे बसत होतो. बसायची तीच एक रीत आपल्याला ठाऊक होती.

आता उलटं झालंय. टीव्हीसमोर बसायची सवय आपण सगळीकडे घेऊन जातो. माझी तक्रार आहे ती एवढीच, पण ती बारीक नाही.

टीव्हीतल्या माणसाला आपलं काही ऐकू येत नाही. तो बोलत असताना आपण भाजी निवडतो, फोन घेतो, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला ओरडून पापडाचा डबा कुठे ठेवला ते विचारतो. त्याचं काही बिघडत नाही. वीस-पंचवीस वर्षं रोज असं केल्यावर कानांना आणि जिभेला सवय लागते, की समोर कुणी बोलत असलं तरी आपलं चालू ठेवायचं. मग समोर जिवंत माणूस आला तरी तेच. पाहुणे येतात, आपण टीव्ही बंद करत नाही, आवाज बारीक करतो. पाहुण्याला वाटतं आपल्यासाठी आवाज कमी केला, पण नजर कुठे आहे ते त्याला दिसतंच. आमचा नातू एकदा शाळेतली कसलीशी गंमत सांगत होता. त्याचे पप्पा बातम्यांतल्या भांडणाकडे बघत हं, हं करत होते. पोरगं मध्येच थांबलं आणि म्हणालं, "पप्पा, माझ्याकडे बघून ऐका ना."

गेल्या वर्षी एका घरी आम्ही बसायला गेलो होतो. घरातलं कर्तं माणूस गेलेलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, कोपऱ्यात टीव्ही चालू, आवाज बंद. कुणाचा दोष नव्हता, पोरांना गुंतवायला लावला असेल. पण गेलेल्या माणसाची बायको बोलत होती, शेवटच्या रात्री काय झालं ते सांगत होती, आणि समोर बसलेल्या सात-आठ जणींपैकी निम्म्यांची नजर त्या पडद्यावरच्या लग्नाकडे सरकत होती. मला उठून ते बटण दाबावंसं वाटलं. मी दाबलं. एकीनेही का म्हणून विचारलं नाही.

आता मालिकांबद्दल बोलू द्या, फार दिवस साठलंय. मालिकेतल्या घरात रात्री साडेनऊला पंगत बसते आणि एकाही बाईच्या हाताला कणीक लागलेली दिसत नाही. भरजरी साडीत झोपतात. कुणी एक वाक्य वाईट बोललं की ढगफुटी झाल्यासारखं संगीत आणि मग प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा. नियमाप्रमाणे वाहिनीला तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, त्यात त्यांच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिराती धरून. म्हणजे अर्ध्या तासातली सहा गेली. राहिलेल्या चोवीसमधून कालचा मागोवा, शीर्षकगीत आणि उद्या काय होणार याची झलक वजा करा. एका सोमवारी मी स्वयंपाकघरातलं घड्याळ मांडीवर घेऊन बसले होते. त्या अर्ध्या तासात एक बाई दारातून आत आली आणि दुसरीने तिला ओळखलं. झालं.

'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ अशी चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. अर्ध्या तासाचा एक धरला तर दीड हजार तास. एक नाटक मध्यंतरासकट अडीच तासांचं. भागाकार करा, सहाशे नाटकं येतात. सहाशे! मुंबई-पुण्याचा नाटकवेडा माणूससुद्धा सहाशे नाटकं बघायची म्हटलं तर आयुष्य घालवेल, आणि आपण तेवढा वेळ एका सासूला दिला. ती मालिका वाईट होती असं माझं म्हणणं नाही, रोहिणी हट्टंगडींचं काम कुणाला आवडत नाही? पण वेळेची वही उघडली की खर्च दिसतोच.

नाटकाला मी पहिल्यांदा गेले ते कॉलेजात असताना, जळगावला. लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. रंगमंचावर एकच माणूस आणि त्याने ५२ जण उभे केले. म्हातारी, नवरी, व्याही, विमानातली मंडळी, सगळा तोच. माझ्या शेजारी माझी मामी बसली होती, तिला नाटक म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. पहिली दहा मिनिटं ती मला विचारत होती, बाकीचे कधी येणार? मग तिने विचारणं सोडलं. परत येताना बसमध्ये ती त्या वऱ्हाडातल्या माणसांबद्दल अशी बोलत होती, की जणू आमच्याच नात्यातली आहेत. बावन्नही जण तिने पाहिले होते. हे टीव्हीला जमत नाही. टीव्ही बावन्न माणसं बावन्न नटांनी दाखवतो, आपल्याला काही करावंच लागत नाही. नाटकात अर्धं काम प्रेक्षकाचं असतं, म्हणून ते आपलं होतं.

मुलीकडे नाशिकला गेले होते तेव्हा 'संगीत देवबाभळी' पाहिलं. नाशिकच्याच प्राजक्त देशमुख यांचं नाटक, त्यांना त्यासाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही मिळाला. दोनच बायका रंगमंचावर. तुकोबांची आवली, पायात काटा रुतलेली, आणि तिच्या घरी रूप बदलून तिची सेवा करायला आलेली रखुमाई. आपला वारीशी काही संबंध नाही, पण नवरा देवाधर्मात आणि घरचं सगळं बायकोच्या डोक्यावर, ही गोष्ट कुठल्या पंथाची बाई समजणार नाही? आवली चिडून बोलायची तेव्हा माझ्या आजूबाजूच्या बायका माना हलवत होत्या. मला सगळ्यांत काय आवडलं सांगू? एका ठिकाणी दोघी गप्प झाल्या, आणि आम्ही सगळे प्रेक्षक गप्प. एवढं मोठं नाट्यगृह भरलेलं आणि पंख्याचा आवाज ऐकू येत होता. टीव्हीवर अशी शांतता आली असती तर मी केबलवाल्याला फोन लावला असता.

आपल्याला खरं म्हणजे नाटक बघणं इतरांपेक्षा सोपं जायला हवं. सामायिकाला आपण ४८ मिनिटं एका आसनावर बसतो. ना फोन, ना पाणी, ना 'जरा बघून येते गॅस बंद केला का'. नाटकाचा मध्यंतरापर्यंतचा भाग साधारण तासाभराचा असतो. ज्या बाईला ४८ मिनिटं जमतात तिला साठ जड नाहीत. पण मी पाहते, सामायिकात न हलणाऱ्या आमच्याच बायका नाट्यगृहात पाचव्या मिनिटाला पिशवीत हात घालतात.

जळगावला एका नाटकाला माझ्या मागच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. चांगल्या घरातल्या, अंगभर दागिने. पहिल्या अंकात त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी उचलला. "हो, नाटकाला आलेय गं. नाही, अजून नवरा आला नाहीये तिचा, येईल आता." रंगमंचावर एक मुलगी एकटी उभी होती, पत्र वाचत होती. तिचा आवाज एक क्षण थांबला, नजर खाली गेली, मग तिने वाक्य पुन्हा उचललं. कुणाला कळलंही नसेल. मी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत होते, मला दिसलं. तिला ऐकू आलं होतं. तिच्या नवऱ्याची चौकशी कुणीतरी फोनवर करत होतं आणि ती तिथेच उभी होती.

ही एकट्या जळगावची गोष्ट नाही. २०१९ साली नाशिकला फोन वाजत राहिले म्हणून सुमीत राघवन यांनी 'नॉक नॉक सेलिब्रिटी'चा प्रयोग मध्येच थांबवला होता. त्याच वर्षी सुबोध भावे यांनीही वैतागून जाहीर केलं, की असंच चालणार असेल तर मी नाटकात काम करणं बंद करतो. मुंबईत तर नाट्यगृहांत फोन बंद पाडणारं यंत्र बसवायचा विचार झाला. पाच-सहाशे शहाण्यासुरत्या माणसांना गप्प बसवायला यंत्र! तेव्हा काही लोक म्हणाले, नटांना फार मस्ती आली आहे, पैसे मोजलेत आम्ही. पैसे मोजलेत हे खरं. पण तिकिटाचे पैसे आपण बघण्याचे देतो, त्याच्या तोंडावर बोलण्याचे नव्हे. महाराजसाहेब व्याख्यान देत असताना आपण फोन घेऊ का? (घेतात काही जणी. पदराआड. आपल्याला माहीत आहेत त्या.)

प्रशांत दळवींचं 'चारचौघी' हे नाटक १९९१ साली आलं आणि २०२२ मध्ये पुन्हा नव्या संचात आलं. त्यात मोठ्या मुलीचा फोनवर बोलण्याचा लांबलचक प्रवेश आहे. आधी वंदना गुप्ते करायच्या, नव्यात मुक्ता बर्वे. पलीकडचा माणूस दिसत नाही, ऐकू येत नाही, फक्त ती बोलते आणि आपल्याला तिचा सगळा संसार कळतो. विचार करा, त्या वेळी प्रेक्षकांत एखाद्या फोनवर गाणं वाजलं तर?

या पर्युषणात आमच्या महिला मंडळाने चंदनबालेची नाटिका बसवली होती. महिनाभर दुपारी तालीम. साखळ्या पुठ्ठ्याच्या, सूप खरं, उडदाचे बाकळेही खरे, एका भाभींनी घरून उकडून आणले होते. चंदनबाला झालेली मुलगी बारावीतली. तुम्हाला गोष्ट माहीतच आहे, पाच महिने पंचवीस दिवसांच्या उपवासाचं पारणं दारात येतं आणि डोळ्यांत पाणी नाही म्हणून माघारी वळतं. तिथे तिला रडायचं होतं. तालमीत कधीच रडू आलं नव्हतं. कुणी म्हणालं ग्लिसरीन लावू, ती नको म्हणाली. भगवंतांच्या जागी आम्ही फक्त एक प्रकाशाचा झोत ठेवला होता. तो झोत तिच्यावरून सरकून मागे जायला लागला आणि ती पोरगी खरंच रडली. हुंदका आला, पुढचं वाक्य विसरली, सूप हातातच थरथरत राहिलं. पडद्याआडून वाक्य सुचवणाऱ्या बाईसुद्धा रडत होत्या, सुचवणार कोण?

त्या क्षणी मी समोर पाहिलं. पहिल्या चार रांगांत मोबाईल वर धरलेले. आया, मावश्या, काकू, सगळ्या छोट्या चौकोनातून बघत होत्या. नाटिका संपली आणि टाळ्या अगदी तुरळक वाजल्या. हातात मोबाईल असल्यावर टाळी कशाने वाजवणार? ती मुलगी आत येऊन मला म्हणाली, "काकी, नाही का आवडलं त्यांना?" दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर तोच व्हिडिओ मला अकरा जणींकडून आला, खाली हात जोडल्याची चित्रं. त्यात तिचं रडणं दिसत नाही, झोताने सगळा चेहरा पांढरा आलाय.

काही वडीलधाऱ्या बायका म्हणतील, नाटक म्हणजे रागरंग, आपल्याला काय करायचंय. त्यांना मी आदराने दोन गोष्टींची आठवण देते. हेमचंद्राचार्यांचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी बाराव्या शतकात 'नाट्यदर्पण' लिहिला, नाटक कसं रचावं यावरचा ग्रंथ. आणि आषाढभूतींची कथा तर आपण व्याख्यानात कितीदा ऐकली आहे. मोदकाच्या मोहाने साधुपण सोडून नट झाले, आणि भरत चक्रवर्तींचं नाटक करता करता, बोटातली अंगठी गळून पडण्याच्या प्रसंगाला, रंगमंचावरच त्यांना केवलज्ञान झालं. रोज रात्री सासू-सुनांची कारस्थानं बघून कुणाच्या परिणामांत काय फरक पडतो ते त्याच वडीलधाऱ्यांनी मला सांगावं.

खरी अडचण धर्माची नाहीच. अडचण अशी, की एरंडोलहून जळगाव तीस-एक किलोमीटर, रात्री परत यायचं, पुरुषांना दुकानातून वेळ नाही, मुलं म्हणतात, "मम्मी, तुला मोबाईलवर लावून देतो ना नाटक." लावून देतात, चांगलं दिसतंही. पण ते पुन्हा ऐकू न येणाऱ्या माणसांकडे बघणंच झालं.

आणि आपण गेलो नाही तर नाटक येणार कुणासाठी? जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. बालगंधर्व लहानपणी जळगावातच मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकले. आता संभाजीराजांच्या नावाचं नवं बंदिस्त नाट्यगृहही झालंय. जागेची ओरड करायला वाव नाही. राज्य शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी हिवाळ्यात जळगाव केंद्रावर होते, तिकीट नावापुरतं. बँकेतले, शाळेतले, शेतीवाडीतले लोक दिवसभराचं काम करून रात्री तालमी करतात आणि एकच प्रयोग करतात. मी गेले होते त्या दिवशी पुढे परीक्षक, मागे नटांचे नातेवाईक आणि मध्ये रिकाम्या खुर्च्या होत्या. एक विनोदी वाक्य आलं, मी हसले, तर तो नट चक्क माझ्या दिशेला वळून पुढचं वाक्य बोलला. दोन महिने राबलेल्या माणसाला सबंध नाट्यगृहात एक हसू सापडलं होतं.

म्हणून या हिवाळ्यात आम्ही चौदा जणींची गाडी ठरवली आहे. माणशी खर्च काढलाय, तिकीट धरून केबलच्या महिन्याच्या बिलापेक्षा कमी येतो. चार वाजता निघायचं. त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे पाळधीच्या आसपास गाडी थांबवून डबे उघडायचे. मेथीचे ठेपले आणि मुगाची सुकी भाजी माझ्याकडे, खाकरे आणि गोडाचं धाकट्या जाऊबाईंकडे. ज्यांचा चौविहार आहे त्यांनी पाणी तिथेच पिऊन घ्यायचं. फोन सगळ्यांनी गाडीतल्या एका पिशवीत ठेवायचे, घरच्यांना ड्रायव्हरचा नंबर देऊन ठेवू. कुरकुरीत खाऊ नाट्यगृहात आणायचा नाही. ज्यांना खोकल्याचा त्रास आहे त्यांनी कडेची खुर्ची घ्यायची. आणि गोष्ट पुढे काय होणार ते कळलं तरी शेजारणीला मध्यंतरापर्यंत सांगायचं नाही.

बारा जणी पक्क्या आहेत. तेराव्या भाभी म्हणतात, त्या संध्याकाळी त्यांच्या मालिकेचा दोन तासांचा विशेष भाग आहे, नायिकेची स्मृती परत येणार आहे. मी म्हटलं, ती दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा येईल आणि पुढच्या महिन्यात परत जाईलही. त्या हसल्या, पण अजून हो म्हणाल्या नाहीत. चौदावी जागाही रिकामी आहे. कळवा.